पांढरे छर्रे

फौजेतून परतलेल्या कुंडलच्या सयाजी हवालदाराने भर भावकीत शब्द देऊन टाकला होता: यंदा दसऱ्याला आजोबांची हवेची बंदूक नुसती पुजणार नाही, वाजवणार. चाळीस वर्षं ती बंदूक दरसाल झेंडूचा हार घालून गप बसत होती, आणि चुलतभाऊ धैर्यशील चारचौघांत तिला 'मुकी सून' म्हणायचा. अडचण एकच. तिच्या मापाचे छर्रे निघायचे कधीच बंद झालेले. आताचे घातले की नळीतून घरंगळत खाली.

मोबाईल धुंडाळून, जुने बाजार पालथे घालून दोन महिन्यांनी त्याला तासगावात धोंडुबाई सापडली. तिचा नवरा अर्जुना हयातभर द्राक्षबागेत असल्याच बंदुकीने पाखरं राखायचा. बंदूक बागमालकाने नेली, अर्जुना वारला, मागे शिशाच्या छर्ऱ्यांची एक डबी राहिली. सयाजीने पोत्यातली बंदूक काढून एक छर्रा घालून पाहिला. घट्ट बसला! पण गडी बेरकी. आनंद गिळून त्याने तोंड वाकडं केलं.

"त्यांची येवडीच वस्तू ऱ्हायलीया, दादा," धोंडुबाई डबी पदराने पुसत म्हणाली. "देऊ का नको, कळंना."

"आवं वयनी, पांढरे पडल्यात सगळे. कचरा हाय ह्यो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो. तवर इचार करा, न्हाईतर उकिरड्यावर टाका."

कचरा म्हटल्यावर बाई आपणहून देईल, हा त्याचा डाव. तो साधलाही. ठरल्या दिवशी धोंडुबाई डबी घेऊन दारातच उभी होती. आतले छर्रे नव्या भांड्यासारखे लखलखत होते.

"चार दिस चिंच आन् राख लावून घासलं," ती म्हणाली. "देवाची भांडी घासतो तसं. तुमी कचरा म्हणालासा, लय लागलं जिवाला. न्या आता. पूजेत ठेवण्याजोगं झाल्यात."

तिची बोटं सोलवटली होती. सयाजीने एक छर्रा घातला. तो सुळकन नळीतून येऊन त्याच्या तळहातावर पडला. दुसराही. तिसराही. मऊ शिसं, घासण्यात माप झिजून गेलं होतं.

"बसला का, दादा?"

खरं सांगायचं तर आधी स्वतःची लबाडी सांगावी लागली असती. एवढी वर्षं फौजेत काढली, पण तेवढी छाती त्या माणसात नव्हती.

"तुमच्या अर्जुनानं खोटंच छर्रे जपून ठेवलं हुतं, वयनी," तो म्हणाला. "ह्या छर्ऱ्यांनी त्यानं पाखरू तरी कवा हाकललं आसंल का, कुणाला ठावं."

धोंडुबाईने डबी परत घेतली, झाकण नीट लावलं, आणि ती उकिरड्याकडे चालू लागली.