तिरकी पवनचक्की

"महारुद्रभाऊ, हात काढा त्या बटणावरून!"

सुकेशनी पवनचक्कीच्या दारातूनच ओरडली. आत पॅनेलपुढं उभा असलेला महारुद्र दचकून मागं सरला.

जिंतूरच्या माळावर एकामागं एक अशा दोन पवनचक्क्या. पुढची वारा पिऊन घेई, मागचीच्या वाट्याला घुसळलेला, उष्टा वारा. ती बिचारी नुसती थडथडत राही. पुढचीचं तोंड जरा तिरकं केलं तर उष्टा वारा बाजूनं निघून जाईल, तिची वीज थोडी घटेल, पण दोघींची मिळून वाढेल, हे ऑफिसातल्या इंजिनिअर सुकेशनीचं गणित. करून बघायला साहेबांनी आठ दिवस दिले होते. आज आठवा, आणि आकडा तसूभर हलला नव्हता. संध्याकाळी सगळं गुंडाळायचं. मग ऑफिसात जो तो म्हणणार, पोरीनं पुस्तकातलं वारं आणलं.

"मॅडम, हिचं तोंड रोज वाकडं व्हायलंय," महारुद्र म्हणाला. "मी रोज सरळ करून ठेवायलोय. बारा वर्षं सांभाळली हिला. वाऱ्यावर रुसलेली मशीन बरी दिसती का?"

"रोज?"

"मंग! सकाळी आल्या आल्या."

सुकेशनी मटकन पायरीवर बसली आणि हसतच सुटली. गणित चुकलं नव्हतं तर! छातीवरचा धोंडा उतरला बाई एकदाचा.

"चूक माझीच, भाऊ. साहेबलोकांना सगळं कळवलं, तुम्हालाच नाही. रोज पहाटे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मीच हिचं तोंड तिरकं करत होते. आणि नुसते आकडेच बघत बसले, माळावर आले नाही."

तिनं समजावून सांगितलं. महारुद्रनं कपाळाला हात लावला.

"आवो, खळ्यावर उपणताना एका रेषेत उभं राहिलं की मागच्याच्या डोळ्यात भुसा. आई म्हणायची, जरा सरकून उभा राहा. हे आधी सांगायचं न्हाई का?"

त्यानंच बटण दाबलं. पवनचक्की तिरकी झाली. चारपर्यंत मागचीची थडथड थांबली, दोघींचा मिळून आकडा चढला आणि साहेबांनी फोनवरच आणखी आठ दिवस दिले.

माळावरच्या केबिनमधल्या फळ्यावर प्रत्येक मशीनची वीज आणि सांभाळणाऱ्याचं नाव असे. महारुद्र कायम वर, मागचीवाली रोहिणी कायम खाली.

"तुमचं नाव आता घसरणार, भाऊ," सुकेशनी हळूच म्हणाली.

महारुद्र फळ्यापाशी गेला. मग रुमाल ओला करून त्यानं दोन्ही ओळी पुसल्या, एकच आकडा लिहिला आणि पुढं दोन नावं. रोहिणीचं आधी.

मग त्यानं तिला फोन लावला.

"रोहिणीताई, वारा सोडलाय बघा तुमच्याकडं. इतकी वर्षं मीच अडवून उभा होतो."