आईने न दिलेले आकडे

डोळे उघडायच्या आधीच ब्रिजिदाला कळलं, की क्लेलिया मावशी उशाशी येऊन बसली आहे.

"शेवटचं विचारते. आली होती का आई?"

शुक्रवार होता. शनिवारी लॉटरीचे आकडे निघायचे, आणि नेपल्समध्ये मेलेली माणसं जिवंतांना स्वप्नात येऊन आकडे सुचवतात. मासा दिसला तर एक आकडा, विहीर दिसली तर दुसरा. बंदरावर बॉम्ब पडत होते, पाव मोजून मिळत होता, तरी लॉटरीचं दुकान चालू होतं. गल्लीत मेलेल्यांची काही वाण नव्हती. पण ब्रिजिदाची आई एल्विरा हिच्यावर सगळ्यांची भिस्त. भोंगा वाजल्यावर मुलीला भुयाराच्या पायऱ्यांवर ढकलून ती चुलीवरचं घेवड्याचं भांडं आणायला परत गेली, आणि इमारत तिच्या अंगावर आली. अशी अवचित मेलेली माणसं हमखास आकडे देतात, असं बायका म्हणत. बाप आफ्रिकेत कैदेत होता. मावशीने पोरीला घरी आणलं तेव्हा तिने बहिणीचं दुःख केलं की स्वतःच्या नशिबावर खूश झाली, ते तिचं तिलाच ठाऊक.

सुरुवातीला ब्रिजिदा खरं सांगायची, की आई येत नाही. भरल्या पोटी स्वप्नं पडत नाहीत असं ठरवून मावशीने तिचं रात्रीचं जेवण बंद केलं. पावही वाचला. मग भुकेने पोरीला अक्कल आली. आई लाल झगा घालून, हातात मासा घेऊन आली होती, असं तिने ठोकून दिलं. लगेच तेल लावलेला पाव मिळाला. त्याच दिवशी हल्ला झाला. भुयारात छताची माती डोक्यावर पडत होती, आणि बायका तिला घेरून विचारत होत्या, मासा कुठल्या हातात होता, जिवंत होता का. ती सुचेल ते सांगत गेली.

एकही आकडा लागला नाही. रविवारी बायका दारात आल्या. पोरीला कुणी काही बोललं नाही.

"एल्विराने जिवंतपणी तरी कुणाला चिमूटभर मीठ दिलं होतं का?" शेजारची साबेल्ला म्हणाली.

"आमची पहिल्यापासून तसलीच," मावशी म्हणाली. सख्खी बहीण होती ती तिची.

खोटं मी बोलले, आई नाही, असं ब्रिजिदाच्या ओठांवर आलं होतं. पण पाव बंद झाला असता. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याची तिला फार लाज वाटली. त्यानंतर तिने स्वप्नं रचली नाहीत. मावशीने मग स्पष्ट बजावलं, की या शुक्रवारीही आई आली नाही तर तुला सिस्टरांच्या अनाथाश्रमात टाकते, फुकट पोसायला मी काही राणी लागून गेले नाही.

आणि काल आई खरंच आली. भर दुपारी भुयारात, बाकावर बसल्या बसल्या ब्रिजिदाचा डोळा लागला होता. आई मागे बसून तिच्या डोक्यातल्या उवा काढत होती, एकेक बट बाजूला करत, सावकाश. बॉम्बच्या आवाजाने जाग आली तेव्हा ब्रिजिदाला रडू फुटलं, आणि बॉम्बला घाबरली म्हणून बायकांनी तिला पाणी पाजलं.

हे सांगितलं तर घरात राहता येईल, हे तिला कळत होतं. पण मावशी उवांचा आकडा काढेल, केसांचा काढेल, बोटांचाही काढेल. ते लागले नाहीत, की रविवारी पुन्हा सगळ्याजणी दारात येऊन आईला बोलतील.

"नाही आली," ती म्हणाली.

मावशीने एक मुस्काटात दिली आणि तिचे कपडे गाठोड्यात बांधले. अनाथाश्रमाच्या दाराशी घंटा वाजवून झाल्यावर ती खाली वाकली. आवाज एकदम मऊ झाला.

"आता इथे कुणी नाही, बाळ. आली होती ना?"

"आली होती."

"काय म्हणाली?"

"क्लेलियाला काही सांगू नकोस म्हणाली."

मावशीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने छातीवर क्रॉसची खूण केली. दार उघडलं, सिस्टरने ब्रिजिदाचा दंड धरला, तोवर मावशी उतारावरून भराभरा चालू लागली होती. घराकडे नाही, लॉटरीच्या दुकानाकडे. मेलेलं माणूस बोललं तर अठ्ठेचाळीस, हे आता ब्रिजिदालाही पाठ झालं होतं.

आई स्वप्नात एक अक्षरही बोलली नव्हती.