वैल डाव्या हाताला

मित्रांनो, मी अड्याळच्या एका घरातली जुनी चूल आहे. माझ्या अंगाला वैल आहे. वैल म्हणजे चुलीच्या बगलेतलं दुसरं, लहान तोंड. मोठ्या जाळाची उरलेली आच तिथे जाते आणि त्यावर ठेवलेलं वरण निवांत शिजत राहतं. माझी हकिकत थोडी भुताची आहे. पण घाबरू नका, ते भूत माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

एकोणीसशे एकाहत्तर साली रुखमाने मला बांधलं. ती केवळरामची बायको, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तळ्याची माती, धानाचा कोंडा आणि शेण तिने पायांनी तुडवलं. पण माती थापायच्या आधी तिने एक वेगळंच काम केलं. रिकाम्या स्वयंपाकघरात पाट मांडून ती बसली आणि गुडघा न उचलता हात जिथवर पोचला तिथवर कोळशाने खुणा केल्या. इथे मिठाचं मडकं, इथे तिखटाचा डबा, इथे पाण्याचा पितळी गुंड, इथे लाकडं. सगळं डाव्या हाताला. माझा वैलही डावीकडे. उजव्या बाजूने तिने मला भिंतीशी इतकं सारलं की मध्ये चार बोटांची फट राहिली. गावातल्या बाकीच्या चुलींचा वैल उजवीकडे होता. सासूला, पार्वताबाईला, वाटलं की हिच्या माहेरची तशी रीत असेल.

मग रुखमाने नवऱ्याकडून स्वयंपाकघराच्या तोंडाशी छातीएवढा कूड, म्हणजे काड्या-मातीची आडभिंत, घालून घेतला. म्हणाली, "वाऱ्यानं जाळ इझते." वारा कसला! रुखमा डावरी होती. पळी, झारा, फुंकणी, सारं डाव्या हातात. डाव्या हातचं अन्न त्या घरात कुणी तोंडात घातलं नसतं. म्हणून तो कूड. त्या घरात हे गुपित तिला आणि मलाच ठाऊक होतं.

रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत तिचा हात पाहावा! वीस माणसांचा भात, वरण, चटणी, आणि एकदाही उठणं नाही की वळणं नाही. वाढताना मात्र ती उजवा हात वापरी आणि फार सावकाश वाढी. पार्वताबाई चेष्टा करायची, "रांधताना वारा अन् वाढताना गोगलगाय! कसं वो तुहं?" रुखमा हसायची. ते हसू मला कधी आवडलं नाही. त्यात भीती असायची.

शहात्तरच्या भादव्यात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. सुतकात मी थंड पडून होते. पुढे पार्वताबाई कसंबसं दोन भाकरींपुरतं रांधू लागली, पण मला खरा जाळ लागला तो शकुन आल्यावर.

शकुन आंधळगावची. केवळरामचं दुसरं लग्न, म्हणून रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात रुखमाच्या नावाची चांदीची पुतळी बांधली होती. पोर कामाला चलाख होती, पण माझ्यापुढे बसली की तिचं काही धड होईना. उजव्या हाताने पळी फिरवावी तर कोपर भिंतीवर आपटे. मीठ घ्यायला उजवीकडे हात न्यावा तर तिथे गार भिंत. भाताचा गंज वैलावर न्यायचा तर उजवा हात जाळावरून आडवा घालावा लागे. पदराला झळ लागे, गंज कलंडे. एक दिवस उकळती पेज तिच्या पायावर सांडली.

"आत्या, माह्या डाव्या अंगाले कोणीतरी बसून रायते," ती रडत सासूला म्हणाली. "माह्या हाताले मागं ओढते."

"रुखमा गेलीच नाही घरातून," पार्वताबाई पुटपुटली. "तिले तू चालत नाही."

शकुनने एकदा मिठाचं मडकं हलवून पाहिलं होतं. पार्वताबाईने डोळे पुसत ते परत जागेवर ठेवलं. म्हणाली, "तिनं लावलेलं हाय. राहू दे तसंच." अशी एका मेलेल्या बाईच्या हातांची जागा त्या घराने तशीच धरून ठेवली होती. आणि मित्रांनो, खरं सांगते, मीसुद्धा. सकाळी लाकूड आत सरलं की मी डावीकडून येणाऱ्या हाताची वाट पाहत असे. शकुनला कुणीतरी बसलेलं जाणवायचं, ते मलाही जाणवायचं.

शेवटी शनिवारी मांत्रिक आणायचं ठरलं. त्यानेही भागलं नाही तर केवळराम शकुनला आंधळगावला कायमचं पोचवून येणार होता. शकुनने लुगड्यांचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं.

बुधवारी रुखमाची आई आली, निर्मलाबाई. दुसरी सून ही पहिलीच्या आईची मानलेली लेक असते, म्हणून पाय भाजल्याचं ऐकून ती भेटायला आली. लेक जिवंत असताना ती पाहुणी म्हणून ओसरीवरच बसायची. कुडाच्या आत ती त्या दिवशी पहिल्यांदाच आली. "तू बस बाई, मी टाकतो भाकरी," असं शकुनला म्हणत ती पाटावर बसली. तिचं उजवं कोपर भिंतीवर आपटलं. तिने मिठाकडे पाहिलं, गुंडाकडे पाहिलं, माझ्या वैलाकडे पाहिलं. मग हळूच डावा हात पुढे केला. सगळं त्या हाताखाली आपोआप आलं.

"इहीनबाई," तिने हाक मारली, "हे भूत नोहोय. माही रुखमा डावरी होती."

पार्वताबाई कुडाला धरून उभी राहिली.

"सहा वर्षांची होती तवा म्या तिच्या डाव्या तळहातावर तापलेला चिमटा ठेवला. म्हटलं, सवय सुटन. नाही सुटली. मग तिले लपवाले शिकवलं."

"पाच वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं," पार्वताबाई म्हणाली. "मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"सांगितलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?"

निर्मलाबाईने मला फोडून नव्याने घालायला कुदळ मागितली, तेव्हा पार्वताबाई आडवी आली. "नका फोडू. तिच्या हातची एवढीच वस्तू उरली हाय."

"म्हणूनच मले फोडू द्या. एक पोरगी गेली. दुसरीले घालवत नाही मी."

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण कोपऱ्यातलं ते गाठोडं मलाही दिसत होतं. कुदळीचा पहिला घाव वैलावर पडला. रोजच्या सारवणाची जाड खपली गळून पडली, आणि आतल्या भाजक्या मातीत एक हात उमटलेला दिसला. डावा हात. पाच बोटं, आणि तळव्यावर आडवी रेघ. चिमट्याची.

निर्मलाबाईने कुदळ खाली ठेवली आणि त्या हातावर आपला हात ठेवला. शकुन लंगडत आली आणि तिच्याजवळ बसली. मग निर्मलाबाईने ते ढेकूळ स्वतः कुटलं, पाण्यात भिजवलं आणि नव्या मातीत मळलं.

त्या मातीची चूल घातली, तीच मी. आता माझा वैल उजवीकडे आहे आणि भिंत लांब आहे. नवी चूल वाळल्यावर पार्वताबाई मिठाचं मडकं हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सांग शकुन, कुठं ठेवू?" मांत्रिकाला नको म्हणून निरोप गेला. शकुनचा हात त्यानंतर भिंतीवर आपटला नाही. माझ्या डाव्या अंगाला आता कुणी बसत नाही, आणि कधी कधी मला त्याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी आता उंच ओटा असेल, गॅसही आला असेल. तरी घरात जी रांधते तिला एकदा विचारा, तुझा हात कुठवर पोचतो, काय कुठे ठेवू? रुखमाला कुणी एवढं विचारलं असतं, तर तिला पाच वर्षं कुडाआड लपून रांधावं लागलं नसतं.