ध्रुवताऱ्याकडे वळवलेली बिजागरी

तिचा थोरला भाऊ, दादा, त्याच्या मुलाकडे राहायला गेला, तसं संध्याकाळी कामावरून परतल्यावर घर तिला खायला उठू लागलं. ती कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांच्या दातांशी गाठ, पण बोलायला कुणी नाही. काचबिंदूने दादाची नजर गेलेली, म्हणून त्याचा कॅमेरा इथेच राहिला होता. तो घेऊन ती गच्चीवर गेली. बराच वेळ शटर उघडं ठेवून काढलेल्या फोटोत ताऱ्यांचे नुसते ओरखडे उमटले.

पृथ्वी फिरते, तर कॅमेराही तिच्याच चालीने उलट फिरवायला हवा, हे तिने वाचून काढलं. दोन फळ्या बिजागरीने जोडल्या. खालची तिवईवर घट्ट बसवली, वरच्या फळीवर कॅमेरा. मधून एक लांब स्क्रू घातला. तो फिरवला की वरची फळी हळूहळू उघडायची. बिजागरी ध्रुवताऱ्याच्या रोखाने लावायची आणि स्क्रूला मिनिटाला एक फेरा द्यायचा, एवढंच. पण स्क्रू फिरवू की घड्याळ पाहू, यात तिची त्रेधा उडाली.

शेवटी तिने दादाला फोन लावला. त्याच्याकडे बोलणारं घड्याळ होतं.

"मिनिट झालं की फक्त 'आता' म्हण," ती म्हणाली.

"एवढंच ना? मला दुसरा उद्योग काय आहे, चिमे!"

तो "आता" म्हणायचा, तेव्हा तिने स्क्रूचा एक पूर्ण फेरा नेमका संपवलेला असायचा. मधल्या वेळात नातवंडं कशी आहेत, हे विचारायचं तिच्या मनात आलं, पण तिने विचारलं नाही. काही वेळाने "आता" आलंच नाही. मग फोनमधून घोरणं ऐकू आलं. तिने फोन ठेवला नाही. त्या घोरण्याच्या सोबतीने मनातल्या मनात मोजत ती स्क्रू फिरवत राहिली.

फोटोत तारे जवळजवळ टिंबांसारखे आले.

दुसऱ्या दिवशी दादाचाच फोन आला. आपल्याला झोप लागलीच नव्हती, असं त्याने आधी ठासून सांगितलं. मग विचारलं, "कसा आला?"

"टिंबं आली, दादा. अगदी मोहरीएवढी."

"आज परत काढायचा का?"

तिने खिडकीतून पाहिलं. आभाळ ढगांनी गच्च भरलं होतं.

"हो," ती म्हणाली, "जेवून घे, मग लावते फोन."

जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने फळ्या मांडल्या, कॅमेरा न लावता, आणि फोन लावला.