माझी काच, त्याचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना जपानी रंगीत टीव्ही आहे. माझं अंग लाकडी आहे, चॅनेल बदलायला कान पिळतात तशी गोल खुंटी आहे, आणि माझा स्वभाव जळका आहे. हे शेवटचं मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

जपानमधल्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि जहाजाने कुवेतला गेलो. तिथे गवंडीकाम करणाऱ्या जालन्याच्या एका माणसाने मला विकत घेतलं आणि गोधडीत गुंडाळून गावी आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! अख्खी गल्ली माझ्यासमोर चपला काढून बसायची. मग सपाट टीव्ही आले. माझी रवानगी माळ्यावर झाली, माळ्यावरून भंगारात. लोखंडी पत्र्यांखाली पडून मी गंजायची वाट बघत होतो.

तिथून मला काकासाहेबांनी उचललं. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे. तरुणपणी ते टीव्ही दुरुस्ती शिकले होते, पण वडिलांनी गल्ल्यावर बसवलं आणि ती हौस मनातच राहिली. पन्नाशीनंतर ती उफाळून आली. दुकानावरच्या खोलीत त्यांनी मला उघडलं, धूळ झटकली, फुगलेले कपॅसिटर बदलले, तुटलेले सांधे नव्याने जोडले. माझ्या काचेवर पुन्हा रंग उमटले तेव्हा ते जिन्यावरूनच बायकोला ओरडले, "नंदा, वर ये जल्दी, जित्ता झाला हा!"

त्यांनी जिवंत केलेला पहिला टीव्ही मी. माझ्यानंतर खोलीत जपानी टीव्हींची रांगच लागली. नंदाबाई आम्हाला 'माझ्या सवती' म्हणायच्या. "कापड विकायचं सोडून सवती मांडून बसलेत," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि चहाचा कप मात्र न चुकता वर आणून देत.

खंडेनवमीला काकासाहेब आपल्या हत्यारांची पूजा करतात. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पेचकस यांना हळदकुंकू लागतं. सगळ्या टीव्हींना एकेक फूल मिळतं, आणि झेंडूचा हार मात्र एकालाच. तो माझा. "हा घरातला थोरला," असं म्हणून ते हार माझ्या डोक्यावर ठेवायचे. बाकीचे टीव्ही बघत राहायचे आणि मला फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांचे मित्र राधेश्याम यांचा तीर्थपुरीहून फोन आला. तिथल्या एका डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात एक टीव्ही सापडला होता. काकासाहेब दुकान उघडं टाकून धावले आणि संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन जीपमधून उतरले. मला कधी कुणी मांडीवर घेतलं नव्हतं.

तो माझ्याच कंपनीचा, माझ्याच वर्षाचा. आतून अगदी माझ्यासारखा. पण अंग केशरी, गोल, गुळगुळीत. "अशे लय थोडे बनले व्हते," काकासाहेब नंदाबाईंना म्हणाले, "आपल्याकडं तर मी दुसरा पायलाच न्हाई."

खिडकीजवळचं टेबल माझं होतं. ते त्याला मिळालं, मी भिंतीला गेलो. आणि खंडेनवमीला हार त्याच्या डोक्यावर गेला. तो तर मेलेलाच होता, मित्रांनो! त्याची पिक्चर ट्यूब, म्हणजे चित्र उमटतं ती काच, मागे मानेत चिरलेली होती. नुसत्या रंगाला हार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कधीच सुरू होऊ नये, अशी मी मनोमन इच्छा केली, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

काकासाहेबांनी हैदराबाद, पुणे, मुंबई सगळीकडे फोन केले. "ट्यूब मिळूनच न्हाई राह्यली," म्हणत ते डोक्याला हात लावून बसत, आणि मी भिंतीशी बसून खूश होत असे.

मग एके दुपारी राधेश्याम आले. केशरी टीव्हीत डोकावले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काकासाहेब, गावभर काहून हिंडून राह्यले? या लाकड्यात बराबर हीच ट्यूब हाये की."

काकासाहेब माझ्याकडे न बघता पेचकस पुसत राहिले. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या बाजूने बोललं कोण, तर नंदाबाई. "ह्यो तुमचा पयला हाये," त्या म्हणाल्या. "दुसरी देखणी दिसली म्हून पयलीचं काळीज काढून तिला देता का?"

"लाकडी पुन्हा मिळंल, नंदा. केशरी न्हाई मिळायचा."

"ह्यो मिळंल का पुन्हा?"

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी माझ्या पाठीचे स्क्रू काढले. त्यांचा हात हलका आहे, आजही मी तेच म्हणेन. पण एरवी काम करताना ते माझ्याशी बोलत, त्या दिवशी बोलले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, ट्यूब गेल्यावर हे बोलतंय कोण? लाकूड बोलतंय, असं समजा. हेवा लाकडातच मुरलेला होता, तो काही ट्यूबबरोबर गेला नाही.

केशरी टीव्ही सुरू झाला. शेतं, माणसं, आभाळ, सगळं लख्ख दिसलं. राधेश्यामांनी टाळ्या वाजवल्या. ते रंग माझे होते आणि कौतुक त्याचं चाललं होतं. तेवढ्यात काकासाहेब पुढे वाकले. काचेच्या वरच्या कोपऱ्यात हिरवट झाक होती. माळ्यावर माझ्या डोक्यावर कुणीतरी वर्षभर मोठा स्पीकर ठेवला होता, त्याच्या चुंबकाने लागलेला तो डाग. माझ्यावर होता तोवर तो काढायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. काकासाहेबांकडे तारेची गोल गुंडाळी आहे, ती काचेसमोर फिरवली की असले डाग जातात. त्यांनी ती उचलली.

"ऱ्हाऊ द्या," नंदाबाई म्हणाल्या. "त्येवढं तरी त्याचं ऱ्हाऊ द्या."

काकासाहेब गुंडाळी खाली ठेवून माझ्याजवळ आले आणि माझ्या रिकाम्या पोटात साठलेली धूळ हाताने पुसू लागले. "चुकलंच माझं थोरल्या," असं काहीतरी पुटपुटले. मला रडू आलं असतं, पण त्यासाठी लागणारं माझ्यात काही उरलं नव्हतं.

मित्रांनो, एकाचं काढून दुसऱ्याला लावावं लागतं, ते मला समजतं. पण ज्याचं काढलं त्याला अडगळीत टाकू नका, आणि त्याचं नाव घ्यायला लाजू नका. कधी जालन्याला आलात तर तो केशरी टीव्ही जरूर बघा. देखणा आहे, मी कशाला नाही म्हणू? फक्त त्याचं कौतुक करायचं असेल, तर वरच्या हिरव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, आणि जरा मोठ्याने करा. मी भिंतीशीच असतो.