शंभराच्या खाली

आग कुठेही लागो, थोड्या अंतरावर माझा तंबू पडतो. चार खुर्च्या, गार पाण्याच्या बादल्या, ऑक्सिजन आणि मी. आतून उकडून निघालेल्या जवानाला बसवायचं, अंगातला जाड कोट उतरवायचा, कोपरापर्यंत हात बादलीत बुडवायचे, पाणी पाजायचं, नाडी बघायची. ठोके शंभराच्या खाली आल्याशिवाय कुणाला परत आत सोडायचं नाही, हा नियम. माझ्या तंबूला ही मंडळी सासर म्हणतात. मान खाली घालून बसायचं आणि पुढ्यात येईल ते मुकाट्याने प्यायचं. मग मी कोण, हे वेगळं सांगायला नको. सासूबाई म्हटलं की मी डोळे वटारते, पण खरं सांगायचं तर मला आवडतं.

त्या दुपारी गाद्यांचा कारखाना पेटला होता. बुटक्याला दोघांनी दंडाला धरून माझ्याकडे आणलं. ताडमाड उंच आहे, म्हणून बुटका. तो आणि त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, दोघंही एकाच गाडीवर. आत जायचे जोडीने, बाहेर यायचे जोडीने, आणि माझ्याकडे बसले की एकमेकांची टिंगल करून माझं डोकं उठवायचे. आज बाहेर पडताना मधलं छत कोसळलं. बुटका अलीकडे राहिला, दाजी पलीकडे.

"सोडा मला."

"खाली बस."

"सासूबाई, दाजी आत आहेत!"

"माहितेय मला. चौघं गेलेत त्यांना काढायला. बस म्हणते ना!"

तो बसला. मी त्याचे हात पाण्यात दाबून धरले. कानाला लावलेल्या नाडीच्या मशीनवर ठोके एकशे साठच्या वर. साहेबांनी बजावून ठेवलं होतं की मी हो म्हणेपर्यंत याला दाराकडे फिरकू द्यायचं नाही.

त्याने डोळे मिटले, मीच शिकवले होते तसे लांब श्वास घेतले. ठोके जरा उतरले. तेवढ्यात बाहेर वॉकीटॉकी खरखरला, कुणीतरी 'अजून नाही' म्हणालं, आणि आकडा पुन्हा वर चढला. मग त्याने पुन्हा डोळे मिटले. दाजी सापडल्याशिवाय याचं काळीज थाऱ्यावर येणार नव्हतं, आणि काळीज थाऱ्यावर आल्याशिवाय मी त्याला दाजींना शोधायला सोडणार नव्हते.

"तुमचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"बरं. पाणी पी."

"ताईला काय तोंड दाखवू मी?"

मला संताप आला. त्याचा, नियमाचा, माझा स्वतःचा. अशा अवस्थेत तो दारापाशीच कोसळला असता आणि त्याला उचलायला आणखी दोघं लागली असती. माझं बरोबर होतं. त्या बरोबर असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

बऱ्याच वेळाने साहेब आले. हेल्मेट काढून हातात धरलेलं.

"सापडले," ते म्हणाले.

"कसे आहेत?" बुटक्याने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "गेले रे."

त्याचे हात बादलीतच राहिले. अशा वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण आम्हाला दिलेलं आहे. एकटं सोडू नका, प्रश्न विचारू नका, जवळ बसा. मी जवळ बसले. खांद्यावर हात ठेवला. "रड रे बाळा," म्हणाले. तो रडला नाही. मग मी उठून बादलीतलं पाणी बदललं. गारच होतं ते, तरी बदललं. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी हाताला सवय म्हणून नाडी पाहिली. ब्याण्णव. मगापासून ज्या आकड्यासाठी आम्ही दोघं जीव टाकत होतो, तो आला होता. मी मशीन पालथं घालायच्या आत त्याने वाचलं.

त्याने हात बाहेर काढले, पँटला पुसले आणि उभा राहिला.

"शंभराच्या खाली आहे," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आता जाऊ ना सासूबाई? दाजींना एकट्याने बाहेर यायची सवय नाही."

नाही म्हणायला माझ्याकडे नियम उरला नव्हता. खुर्चीवरचा त्याचा कोट मी ओढून घेतला आणि त्यावर बसून राहिले.