तांब्यानं पाणी घालू नका

"पप्पा, आपल्याला एकबी पोरगा न्हाई, मग दुकानाच्या पाटीवर 'महारुद्र अँड सन्स' कावून हाय?"

माझ्या मैत्रिणींनी, शिवानी आणि वनमालानं, पैज लावली होती, की हे मी विचारूच शकत नाही. मी विचारलं! गिऱ्हाईक समोर असताना विचारलं. आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान; पप्पा पितळी समई पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तशी पाटी शोभते. तू काय, उद्या लग्न होऊन जाशील." गिऱ्हाईक हसलं. पायरीआड लपलेल्या त्या दोघी हसल्या नाहीत. पैज एका कुल्फीची होती, त्यांनी मला दोन दिल्या. म्हणजे बघा.

मी मात्र दोन्ही खाल्ल्या. कारण माझ्याकडे समुद्र होता. अख्ख्या सिरसाळ्यात एकच, दोन फूट लांब! माझा मामेभाऊ बसवेश्वरदादा नोकरीला परदेशी गेला, तेव्हा पुण्याहून त्याची खाऱ्या पाण्याची टाकी गोधडीत गुंडाळून टेम्पोनं माझ्याकडे आली. त्यात दोन नारिंगी मासे आणि एक प्रवाळ, भूछत्रासारखं, तळहाताएवढं. झाड वाटतं, पण जनावर आहे. त्याचं कलम करता येतं, हे दादानं व्हिडिओ कॉलवर शिकवलं.

पहिल्यांदा कापायला सगळी तयारी केली. हातमोजे, चष्मा, नवं ब्लेड. टोपीचा भाकरीसारखा चतकोर काढायचा, बारीक दगड भरलेल्या वाटीत ठेवायचा, वर मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधून वाटी टाकीत ठेवायची. पंधरा दिवसांत तो आपला आपण दगडाला चिकटतो. वास मात्र भयानक. आई नाकाला पदर लावून आली. "अगं बाई, लिंगायताच्या घरात मासळीबाजार!" मग वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "जीव हाय ना गं त्याला? मग सोमवारी कापू नकोस." तेव्हापासून मी बुधवारी कापायची.

एकाचे अकरा झाले. दहा माझ्याकडे, अकरावं अंजना मॅडमकडे. मॅडम माजलगावहून येऊन आम्हाला विज्ञान शिकवतात. माझं बघून त्यांनीही घरी टाकी केली. दादा म्हणायचाच, एक तुकडा घराबाहेर असू दे, काही झालं तर बी राहतं. मी म्हणायचे, काय होणार आहे?

मग आमचा खो-खोचा संघ चार दिवस बीडला गेला. आमच्याकडच्या उन्हात टाकीतलं पाणी भसाभस उडतं. मीठ उडत नाही, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. टाकीवर चिठ्ठी चिकटवली: "रोज आरओचं पाणी घाला. तांब्यानं घालू नका."

म्हणजे तांब्याच्या भांड्यानं. तांबं प्रवाळाला विष आहे. दोन वर्षं मी हे जेवताना सांगत होते. पप्पा मोबाइल बघत "हं, हं" म्हणायचे.

परत आले तेव्हा गळ्यात मेडल होतं. बॅगसुद्धा न ठेवता टाकीकडे पळाले. टाकीवर तांब्याची गळती टांगलेली. पिंडीवर टांगतात ती, बुडाला भोक असलेली. टप. टप. खाऱ्या वाफेनं तिच्या बुडाला हिरवा गंज चढला होता, आणि थेंब त्यावरूनच ओघळत होता. बेलाचं पान तेवढं राहिलं होतं.

"बघ कशी सोय केली!" पप्पा खुशीत होते. "तू लिहिलं, तांब्यानं घालू नका. म्या तांब्या हातात घेतलाच न्हाई. दुकानातली नवीकोरी गळती काढली तुझ्यासाठी."

"पप्पा, तांब्या न्हाई हो! तांबं! तांबं!"

"मग तसं लिहायचं. दहावीत गेलीस, धड मराठी येईना."

खरं होतं. चिठ्ठी माझीच चुकली होती. मी गळती काढली, निम्मं पाणी बदललं, पुन्हा बदललं. दहाच्या दहा टोप्या मिटून काळ्या पडल्या आणि गुरुवारपर्यंत हात लावला की चिखलासारख्या विरघळायला लागल्या. मासे मजेत फिरत होते.

"मासे तर जिते हायत की," पप्पा म्हणाले. "ते दुसरं प्लास्टिकचं मिळतं, हुबेहूब. आणून देतो. रडू नको."

मी काळं पाणी मोरीत ओतत होते, तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

"मला आठवत व्हतं," ती म्हणाली. "तू तांब्याचं सांगितलेलं."

"मग?"

"ह्यांनी हौसेनं टांगली. मी काय बोलणार?"

पप्पांनी ऐकलंच नव्हतं. हिनं ऐकलं होतं. ती चार दिवस त्या टप-टपीशेजारी स्वयंपाक करत होती. सोमवार पाळायला लावणारी माझी आई! मला पप्पांचा राग आला होता, पण आईकडे बघून मला भीती वाटली. अजून चार-पाच वर्षांनी मीही अशीच पदर धरून म्हणेन, मी काय बोलणार?

मी मॅडमना फोन केला. अकरावं जितं होतं, टोपी उघडून बसलं होतं. मग मी जेवायला बसले. पप्पांनी भाकरी मोडली, आईनं वरण वाढलं.

"पप्पा, आई, ऐका. मोबाइल खाली ठेवा, पप्पा. दहावीचा निकाल लागला की अकरावीला मी माजलगावला जाणार. मुलींच्या होस्टेलला राहणार. टाकी उद्याच मॅडमकडे जाईल, टेम्पो मी सांगितलाय. तुमी हो म्हणा, न्हाई म्हणा, मी फॉर्म भरणार. आणि आई, तुला ह्यावर काय बोलायचं असलं तर आत्ताच, माझ्यासमोर बोल."